नॅशव्हिलमधील एनएफएल सामने आणि कंट्री संगीताच्या मैफली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या राजधानीत, म्हणजे नॅशव्हिलमध्ये, मी अनेक वर्षे राहतो आहे. सप्टेंबर ते जानेवारी या काळातले माझे रविवार एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील टेनेसी टायटन्स या संघाच्या सामन्यांत जातात आणि वर्षभरातल्या बहुतेक मोकळ्या संध्याकाळी कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेली गाणी, ऐकण्यात जातात. पुण्या-मुंबईहून येणारे नातेवाईक, येथील मराठी कुटुंबे आणि नव्याने शहरात आलेले विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

फुटबॉल आणि कंट्री संगीत या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध?

नॅशव्हिलमध्ये हा संबंध पायी चालून पाहता येतो. कंबरलँड नदीच्या पश्चिम तीरावर ब्रॉडवे हा रस्ता आहे आणि त्याच्या नदीकडच्या टोकाला दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत गाणी चालू असणारे बार ओळीने उभे आहेत. पूर्व तीरावर टायटन्सचे निसान स्टेडियम आहे. या दोन तीरांना जोडणारा १९०९ साली बांधलेला जुना पूल आता केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेला असून त्याला पत्रकार जॉन सीगेन्थेलर यांचे नाव दिलेले आहे. सामन्याच्या दिवशी निळ्या जर्सी घातलेले हजारो लोक ब्रॉडवेवरची गाणी ऐकत ऐकत हा पूल ओलांडतात आणि सामना संपला की त्याच वाटेने गाण्यांकडे परततात.

या दोन गोष्टी शहरात एकाच वेळी आलेल्या नाहीत. डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावरून ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाची सुरुवात २८ नोव्हेंबर १९२५ रोजी झाली. हे केंद्र एका विमा कंपनीचे होते आणि त्याच्या नावातली तीन अक्षरे कंपनीच्या ‘आम्ही लाखोंना संरक्षण देतो’ अशा अर्थाच्या इंग्रजी ब्रीदवाक्याची आद्याक्षरे होती. फुटबॉलचा संघ मात्र ह्यूस्टनहून १९९७ साली टेनेसीत आला, पहिले वर्ष मेम्फिसमध्ये आणि दुसरे व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मैदानावर खेळला आणि १९९९ साली नदीकाठच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये टायटन्स या नव्या नावाने उतरला. संगीत त्यापूर्वी पाऊणशे वर्षे शहरात मुरलेले होते.

मला मात्र खरा संबंध याहून खोल वाटतो. दोन्हींमध्ये माणसे आधी काटेकोर आराखडा ठरवतात, तो आकड्यांत लिहून ठेवतात आणि मग हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत तो त्या क्षणाच्या हवाली करतात. पुढील काही उत्तरांत हे सविस्तर येईल.

फुटबॉलचा खेळ दर काही सेकंदांनी थांबतो. तो कंटाळवाणा होत नाही का?

पहिले दोन-तीन सामने मलाही खूप लांबलेले वाटले होते. सामना तीन तासांहून अधिक चालतो आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा भरतो. परंतु खेळ थांबलेला असतो तेव्हा नेमके काय चालले आहे हे कळू लागले की तोच वेळ सर्वांत उत्कंठेचा ठरतो.

मैदान शंभर यार्डांचे असते आणि आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. त्या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड पार झाले की पुन्हा चार प्रयत्न. दोन डाउनच्या मध्ये चाळीस सेकंदांचे घड्याळ चालते. तेवढ्या वेळात प्रशिक्षक पुढची चाल ठरवतो, ती क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाचे नेतृत्व करणाऱ्या खेळाडूच्या, शिरस्त्राणात बसवलेल्या छोट्या रेडिओवरून त्याच्या कानात सांगतो आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद होतो. त्या क्षणापासून क्वार्टरबॅक एकटा असतो. समोरच्या बचावाची मांडणी पाहून चाल तशीच ठेवायची की बदलायची, हा निर्णय त्याला स्वतःला घ्यावा लागतो. अनेक क्वार्टरबॅक मनगटावर एक पट्टी बांधतात. तिच्यावर चालींची यादी क्रमांकासह छापलेली असते, त्यामुळे लांबलचक नावाऐवजी केवळ आकडा सांगितला तरी काम भागते.

प्रेक्षकाने या चाळीस सेकंदांत स्वतःशी अंदाज बांधावा: तिसरा डाउन आहे, सात यार्ड हवे आहेत, आता फेक येईल की धाव? एकदा असा अंदाज बांधायची सवय लागली की सामना लांबतो आहे असे वाटत नाही.

कंट्रीची गाणी एकमेकांसारखीच वाटतात. त्यात ऐकण्यासारखे काय आहे?

बहुतांश गाणी तीन-चार स्वरसंघांवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर, म्हणजे कॉर्डवर) उभी असतात, हे खरे आहे. परंतु मराठी श्रोत्याकडे हे संगीत समजून घेण्याची एक किल्ली आधीपासूनच आहे.

नॅशव्हिलचे वादक गाणे पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहीत नाहीत, आकड्यांत लिहितात. जॉर्डनेअर्स या गायकवृंदातील नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत वापरात आणली आणि चार्ली मॅकॉय यांच्यासारख्या वादकांनी ती रुळवली. गाण्याचा मूळ स्वर कोणताही असो, त्यावरचा स्वरसंघ १, चौथ्या स्वरावरचा ४, पाचव्यावरचा ५. आपल्याकडे गायक काळी एकमध्ये गाणार की पांढरी चारमध्ये हे ठरले की षड्ज तिथे जातो आणि बाकीचे स्वर त्याच्या मागोमाग सरकतात. हे अगदी तसेच आहे. गायिकेचा गळा त्या दिवशी बसलेला असेल तर सारे गाणे एका स्वराने खाली नेता येते आणि कागदावरचा एकही आकडा बदलावा लागत नाही. लहानपणी पेटीवर ज्यांनी बोटे फिरवली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ब्रॉडवेवरच्या बारमध्ये ही पद्धत डोळ्यांनी दिसते. श्रोत्याने फर्माईश केली, गायकाला गाणे येते, पण बास वाजवणाऱ्याला ते नीट आठवत नाही, अशा वेळी गायक किंवा गिटारवादक पाठीमागे हात धरून बोटे दाखवतो. चार बोटे म्हणजे ४, पाच म्हणजे ५. जे वादक त्याच आठवड्यात पहिल्यांदा एकत्र आले असतील, तेही या बोटांच्या आधारे गाणे सुखरूप तडीस नेतात. मग पेडल स्टील गिटारवाला आपल्या वाट्याच्या आठ मात्रांमध्ये जे वाजवतो, ते आदल्या रात्री वाजले नव्हते आणि पुढच्या रात्रीही तसे वाजणार नाही. सोपा साचा असा ठेवलेला असतो तो त्यात हे घडावे म्हणूनच.

‘म्युझिक सिटी मिरॅकल’ म्हणजे नक्की काय? इथला प्रत्येक जण त्याविषयी बोलतो.

नव्या स्टेडियममधील पहिल्याच हंगामाच्या बाद फेरीत, ८ जानेवारी २००० रोजी, टायटन्सचा सामना बफलो बिल्सशी होता. शेवटची सोळा सेकंद उरली असताना बफलोच्या स्टीव्ह ख्रिस्टीने फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून पार करून, संघाला १६–१५ अशी आघाडी मिळवून दिली आणि काही प्रेक्षक घरी जायला उठले.

त्यानंतर बफलोने चेंडू लाथाडून टायटन्सकडे पाठवला. लोरेन्झो नीलने तो झेलला आणि फ्रँक वायचेककडे दिला. वायचेक उजवीकडे सरकला, बफलोचे खेळाडू त्याच्यामागे धावले आणि त्याने अचानक वळून मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला चेंडू फेकला. तिथे केव्हिन डायसन उभा होता. त्याच्यासमोर डावी कड मोकळी होती. तो ७५ यार्ड धावत गोलरेषेपार गेला आणि टायटन्स २२–१६ असे जिंकले.

ही फेक वैध होती का, यावर आजही वाद होतो. पास एकदाच आणि तोही ठरावीक स्थितीतच पुढे फेकता येतो. अशा प्रसंगी चेंडू आडवा किंवा मागे जायला हवा. पंचांनी चित्रीकरण पुन्हा पाहिले आणि निर्णय कायम ठेवला. मी ते चित्रीकरण असंख्य वेळा पाहिले आहे आणि माझ्या मते फेक आडवी होती. बफलोच्या माणसासमोर मी हे मत तितक्याच ठामपणे मांडीन.

मला या प्रसंगातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ही चाल संघाने आधी सरावात बसवलेली होती, पण ती डायसनसाठी नव्हती. ज्याच्यासाठी होती तो डेरिक मेसन जखमी होऊन बाहेर बसला होता, त्यामुळे मैदानात उतरता उतरता डायसनला काय करायचे ते समजावून सांगण्यात आले. गाणे पहिल्यांदाच ऐकणाऱ्या वादकाला पाठीमागून दाखवलेल्या बोटांची मला त्या वेळी आठवण होते.

तीन आठवड्यांनी, ३० जानेवारीला, अटलांटामधील सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, हाच डायसन सेंट लुईस रॅम्सविरुद्धच्या शेवटच्या चालीत गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे पकडला गेला आणि टायटन्स २३–१६ असे हरले. हात लांब करून रेषेकडे चेंडू नेणारा डायसन या शहराला त्या ७५ यार्डांइतकाच आठवतो.

पहिल्यांदा सामन्याला जाताना काय लक्षात ठेवावे?

पिशवी पारदर्शक हवी, बारा इंच रुंद, बारा उंच आणि सहा खोल, याहून मोठी नको. नेहमीची पर्स किंवा पाठीवरची पिशवी नेल्यास ती परत ठेवायला गाडीपर्यंत जावे लागते. सप्टेंबरमधील दुपारचे ऊन कडक असते आणि वरच्या मजल्यावर सावली नाही, तेव्हा टोपी न्यावी. लवकर पोहोचावे, कारण वाहनतळावर लोक गाड्यांमागे शेगड्या पेटवून जेवण मांडतात आणि अनोळखी माणसालाही आग्रहाने बोलावतात. शाकाहारी माणसाला तिथे मक्याची कणसे आणि बीन्स यांवर भागवावे लागेल. आम्ही काही वर्षांपासून घरून बटाटेवडे नेतो आणि आजूबाजूच्या गाड्यांमधील मंडळी आता त्यांची वाट पाहतात.

सर्वांत महत्त्वाचे आवाजाविषयी. आपला संघ आक्रमण करत असताना शांत राहावे आणि प्रतिस्पर्धी आक्रमण करत असताना शक्य तितका गलका करावा. क्वार्टरबॅकला चाल सुरू करण्याच्या हाका आपल्या खेळाडूंना ऐकू जाव्या लागतात आणि गलक्यामुळे त्या बुडाल्या की कोणीतरी आधीच हलते व पाच यार्डांचा दंड बसतो. सामन्याच्या निकालात प्रेक्षकांचा इतका थेट वाटा फार थोड्या खेळांत असतो.

ब्रॉडवे, रायमन, ऑप्री हाउस आणि ब्लूबर्ड यांपैकी कुठे जावे?

ब्रॉडवेवर बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क नसते. वादकांची कमाई मुख्यतः प्रेक्षकांच्या टिपांवर अवलंबून असते आणि बादली किंवा बरणी फिरवली जाते. तिच्यात पैसे टाकल्याशिवाय उठू नये, हे मी पाहुण्यांना स्पष्ट सांगतो. चार-चार तास सलग वाजवणाऱ्या माणसांचे ते वेतन आहे. मोठ्या गायकांच्या नावांनी उघडलेल्या बहुमजली बारमध्ये आता कंट्रीपेक्षा रॉकची गाणीच अधिक ऐकू येतात. जुन्या वळणाचे कंट्री हवे असेल तर रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड येथे जावे.

रायमन ऑडिटोरियम ही माझी सर्वांत आवडती जागा आहे. टॉम रायमन या नदीवरील वाफेच्या बोटींच्या मालकाने सॅम जोन्स या धर्मोपदेशकाच्या प्रभावाखाली ती प्रार्थनागृह म्हणून उभारली आणि १८९२ साली ती खुली झाली. आजही तिथे खुर्च्या नसून लाकडी बाके आहेत आणि दोन हजार तीनशेंवर माणसे त्यांवर खांद्याला खांदा लावून बसतात. १९४३ ते १९७४ या काळात ऑप्री येथून होत असे. नंतर ती शहराच्या मध्यभागापासून दूरच्या नव्या ऑप्री हाउसमध्ये गेली, तेव्हा रायमनच्या रंगमंचाचा सहा फूट व्यासाचा गोल कापून नव्या रंगमंचात बसवण्यात आला. आजचा गायक त्याच लाकडावर उभा राहून गातो.

ब्लूबर्ड कॅफेत जेमतेम नव्वद माणसे मावतात. चार गीतकार मध्यभागी गोलात बसतात, आळीपाळीने आपली गाणी गातात आणि ती कशी सुचली ते सांगतात. बोलणाऱ्या श्रोत्याला तिथे गप्प केले जाते. प्रवेश मिळवण्यासाठी खटपट करावी लागते, पण ती अवश्य करावी.

स्टेडियममधील मोठी मैफल पाहण्यासारखी असते का?

जूनमधील सीएमए फेस्ट या कंट्री संगीताच्या उत्सवासाठी मी ‘होय’ म्हणेन. १९७२ साली ‘फॅन फेअर’ या नावाने हा उत्सव सुरू झाला आणि २००१ साली शहराच्या मध्यभागी आला. तेव्हापासून रात्रीच्या मुख्य मैफली फुटबॉलच्या स्टेडियममध्ये होतात. यात गाणारे कलावंत मानधन घेत नाहीत. एरवी मात्र स्टेडियममध्ये आवाज सिमेंटवर आपटून परत येतो आणि फिडलचे (कंट्रीतल्या व्हायोलिनचे) बारकावे हरवतात. शिवाय छप्पर नसल्याने हवामानाचा भरवसा नसतो: गार्थ ब्रुक्स यांची ३१ जुलै २०२१ ची मैफल वादळी पावसामुळे ऐन वेळी थांबवावी लागली आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये झाली.

सध्याच्या स्टेडियमशेजारीच नवे, पूर्ण बंदिस्त आणि अर्धपारदर्शक छताचे स्टेडियम उभे राहते आहे आणि ते २०२७ साली खुले व्हायचे आहे. त्याचा खर्च दोन अब्ज डॉलरांहून अधिक असून निम्म्याहून जास्त भार सार्वजनिक रोख्यांवर आहे. शाळा आणि बससेवा यांची गरज पाहता ही रक्कम मला फार मोठी वाटते, आणि मी संघाचा चाहता आहे म्हणून माझे हे मत बदललेले नाही. खुले आकाश जाणार, याचेही दुःख आहे.

२०१० च्या पुराविषयी लोक इतक्या हळवेपणाने का बोलतात?

त्या वर्षी १ आणि २ मे या दोन दिवसांत शहरात तेरा इंचांहून अधिक पाऊस पडला आणि कंबरलँड नदीने दोन्ही तीर एकदमच गिळले. फुटबॉलच्या मैदानावर पाणी साचले. ऑप्री हाउसच्या रंगमंचावर जवळपास चार फूट पाणी होते आणि रायमनहून आणलेला तो लाकडी गोल त्याखाली बुडाला होता. नदीकाठच्या गोदामात ठेवलेली वादकांची असंख्य वाद्ये खराब झाली. ऑप्रीचा कार्यक्रम मात्र एकाही आठवड्यात चुकला नाही, तो शहरातील इतर सभागृहांतून होत राहिला. गोल बाहेर काढून वाळवला, दुरुस्त केला आणि सप्टेंबरअखेर ऑप्री हाउस पुन्हा खुले झाले तेव्हा तो जागेवर होता. टायटन्सनेही त्याच महिन्यात आपल्याच मैदानावर हंगाम सुरू केला.

सुपर बोलमध्ये कंट्री गायक किती वेळा दिसले आहेत?

थोडीच उदाहरणे देतो. १९९४ च्या मध्यांतराचा संपूर्ण कार्यक्रम कंट्रीचा होता. त्यात क्लिंट ब्लॅक, तान्या टकर, ट्रॅव्हिस ट्रिट आणि जड्स ही मायलेकींची जोडी होती. २००३ साली शनाया ट्वेन गायली. २०२३ साली ख्रिस स्टेपलटन यांनी केवळ एका इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने राष्ट्रगीत म्हटले आणि त्या सामन्यात खेळणाऱ्या फिलाडेल्फिया संघाचे प्रशिक्षक निक सिरियानी यांच्या डोळ्यांतून पाणी वाहताना साऱ्या देशाने पाहिले. स्वतःचे नाव होण्यापूर्वी स्टेपलटन यांनी नॅशव्हिलमध्ये कित्येक वर्षे इतरांसाठी गाणी लिहिली होती.

खेळाडूंच्या डोक्याला होणाऱ्या इजा माहीत असूनही तुम्ही हा खेळ कसा पाहता?

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. ती आडवी फेक करणारा फ्रँक वायचेक निवृत्तीनंतर अनेक वर्षे टायटन्सच्या सामन्यांचे रेडिओवर समालोचन करत असे आणि त्याचा आवाज आमच्या घरातला झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो घरात पडून वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ५२ होते. त्याच्या कुटुंबाने मेंदू तपासणीसाठी दिला आणि वारंवार बसलेल्या आघातांमुळे होणारा सीटीई हा विकार त्याला तिसऱ्या टप्प्याचा होता, असे पुढच्या वर्षी जाहीर झाले. त्यानंतर मी ते जुने चित्रीकरण पाहतो तेव्हा आनंद होतो आणि घशाशी काहीतरी अडकतेही. नियम पूर्वीपेक्षा कडक झाले आहेत, शिरस्त्राणे सुधारली आहेत, तरी धोका संपलेला नाही. माझ्या मुलाला मी हा खेळ खेळू दिला नाही आणि तरीही मी तो पाहतो. ही विसंगती मला मान्य आहे.

भारतीय माणसाला या दोन्ही ठिकाणी परके वाटत नाही का?

सुरुवातीला वाटते. आजूबाजूला आपल्यासारखे चेहरे कमी असतात. परंतु हे संगीत एकाच रंगाच्या लोकांचे होते, हा समज इतिहासाला धरून नाही. बॅन्जो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेतून आलेले आहे. ऑप्रीच्या पहिल्या लोकप्रिय वादकांमध्ये डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथऑर्गनवादक होता. १९४१ साली त्याला काढून टाकण्यात आले, बुटांना पॉलिश करून त्याला पोट भरावे लागले आणि कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर झाला. हा अन्याय होता आणि तो तसाच सांगितला पाहिजे. चार्ली प्राइड यांनी पुढे ते दार उघडले, आणि १९७४ च्या सुपर बोलमध्ये राष्ट्रगीत त्यांनी म्हटले होते.

आमच्या घरात मात्र दोन्ही जगे सहज एकत्र नांदतात. २०२४ साली गणेश चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला होती आणि टायटन्सचा हंगामातील पहिला सामना दुसऱ्याच दिवशी. मोदक उरलेले होते, आरती लवकर उरकली आणि शिकागोत आम्ही २४–१७ असे हरलो.

संघ सतत हरत असतानाही पैसे खर्चून का जावे?

२०२४ च्या हंगामात सतरांपैकी केवळ तीन सामने जिंकलेल्या संघाविषयी हा प्रश्न रास्तच आहे. दूरचित्रवाणीवर कॅमेरा चेंडूमागे जातो, म्हणून जे घडले तेवढेच दिसते. स्टेडियममध्ये जे घडू शकले असते तेही दिसते: दूरच्या कडेला मोकळा राहिलेला झेलणारा, त्याने वर केलेला हात आणि त्याच्याकडे न आलेली फेक. हरणाऱ्या संघातही एखादा तरुण खेळाडू आठवड्यागणिक सुधारताना बघणे हे मला जिंकण्याइतकेच आवडते. याच तऱ्हेने ब्रॉडवेवर दुपारी दोन वाजता सहा श्रोत्यांसमोर मन लावून गाणारी मुलगी मी ऐकली आहे.

रविवारचा सामना संपल्यावर कुठे जावे?

दुपारी बाराला सुरू झालेला सामना साधारण सव्वातीनला संपतो. पुलावरची गर्दी ओसरेपर्यंत अर्धा तास जागेवरच बसावे. मग काहीतरी खाऊन संध्याकाळी स्टेशन इन येथे जावे. रविवारी रात्री तिथे ब्लूग्रास या कंट्रीच्या जवळच्या शैलीतील वादकांची खुली बैठक भरते. ज्याला वाजवता येते तो वाद्य घेऊन गोलात सामील होतो, उरलेले भोवती बसून ऐकतात. जर्सी बदलण्याची गरज नाही. गेल्या हंगामात मॅन्डोलिन वाजवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी माझी जर्सी पाहून निकाल विचारला, मी मान हलवली, आणि त्यांनी बाजूची खुर्ची माझ्यासाठी ओढली.